माडीवरची खोली आणि एक जानेवारीची कॅसेट

दिल्ली, रविवार

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

मी सही केली हे फोनवर सांगितलं तेव्हा बाबा, तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात आणि फोन आईच्या हातात दिलात. आईनं विचारलं, थंडी पडली का, स्वेटर बाहेर काढलास का. म्हणजे दोघांनाही लागलंय. मला पुढं बोलता येईना, म्हणून हे पत्र. आई, तूच मोठ्यानं वाचून दाखव. बाबांनी चष्म्याचा नंबर अजून बदलून घेतलेला नाही हे दादानं मला सांगितलंय.

तर नोकरी कायम झाली आणि मी दिल्लीतच राहणार. कारणं तुम्हाला तोंडपाठ असतील, तरी लिहिते. पगार बरा आहे, पीएफ आहे. सांगली-कोल्हापुरात याच कामाचे निम्मेही मिळत नाहीत. पुण्यात मिळतात, पण पुण्यात राहून मी काय करणार होते? शनिवारी रात्री एसटीत बसायचं, रविवारी दुपारी परत निघायचं, आणि त्या चार तासांत आईनं स्वयंपाकघरातून बाहेर यायचंच नाही. रात्रीअपरात्री गरज पडली तर पुण्यापर्यंत विमान आणि पुढं गाडी, सकाळच्या चहाला मी दारात असेन. हे सगळं मी वहीत मांडून बघितलंय. बाबांची मुलगी आहे, हिशेब न करता सही करणार नाही.

माझी काळजी करू नका. खोलीत ऊन येतं. गीझर आहे. करोल बागेत विट्या-आटपाडीकडचे सोनं-चांदी गाळणारे गलाईवाले आहेत, त्यांच्यातल्या एका वहिनींकडून ज्वारीचं पीठ मिळतं, त्यामुळं रात्री भाकरीच असते. कांदा-लसूण मसाला आईनं दिलेलाच पुरवून पुरवून वापरते. तूप संपलंय, पण पाठवू नकोस. मागच्या वेळी डबा वाटेत उघडून दादाच्या पुस्तकांवर सांडला होता. अंगावर घ्यायला नेहमीची दुलई आहे, कुणाची ते सांगायला नको. तिला अजून आपल्या पेटीतल्या डांबरगोळ्यांचा वास येतो.

आता बाबांचा गणपतीतला प्रश्न. "दिल्लीत असं आहे तरी काय?" तेव्हा मी मेट्रो, पुस्तकांची दुकानं असलं काहीतरी बोलले होते. आज नीट उत्तर देते, हसू नका. दादाची ती कॅसेट आठवते? इंडियन ओशन या दिल्लीच्या बँडची, ‘डेझर्ट रेन’. तुम्ही बाहेरून ओरडायचात, "ते भुताटकीचं बंद कर आणि अभ्यासाला बस." दादा बंद करायचा. मग मी माडीवर नेऊन बारीक आवाजात लावायची. आई, तुला ठाऊक होतं. तू कधी बोलली नाहीस.

ती कॅसेट म्हणजे एका कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग आहे. १ जानेवारी १९९७, मंडी हाउस. मेट्रो बदलायला मी रोज जिथं उतरते तेच मंडी हाउस. कार्यक्रम सहमतचा होता, म्हणजे सफदर हाश्मीच्या नावानं कलाकारांनी काढलेल्या संस्थेचा. पथनाट्यवाल्या सफदरचं नाव बाबांना माहीत असणार. १ जानेवारी १९८९ ला साहिबाबादजवळ झंडापूरला पथनाट्य चालू असताना त्याच्यावर हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. आई, त्याची बायको मलयश्री ४ जानेवारीला त्याच जागी परत गेली आणि अर्धवट राहिलेलं नाटक पूर्ण करून आली. सहमत दर १ जानेवारीला त्याच्या आठवणीत कलाकारांना बोलावते. १९९७ ला इंडियन ओशनची ही चार माणसं तिथं वाजवत होती. त्यांचा पहिला अल्बम एचएमव्हीनं १९९३ ला काढला होता, तरी नाव असं अजून झालेलं नव्हतं. या रात्रीचं रेकॉर्डिंग हाच त्यांचा दुसरा अल्बम झाला. स्टुडिओ नाही, चुकलं तर पुन्हा घेणं नाही.

बाबा, तुम्हाला हे कळायला मी कशाला सांगू? उरुसात आपल्या मिरजेच्या दर्ग्यातल्या चिंचेखाली अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावानं जी सभा होते तिथं तुम्हीच मला मांडीवर घेऊन बसायचात. गवई तंबोरे लावत असायचे, कुणी खोकायचं, मागं चहाच्या कपांचा आवाज, आणि मध्येच एखादी जागा अशी यायची की सगळा मांडव एकदम "आहा" म्हणायचा. मला राग कळत नव्हते, तो "आहा" मात्र कळायचा. ‘डेझर्ट रेन’मध्ये मला तेच ऐकू येतं. लोकांसमोर बसलेला माणूस आणि खोलीत एकटा बसलेला माणूस सारखं वाजवत नाही. लय हळूच पुढं सरकते. स्टुडिओत कुणीतरी थांबवलं असतं, इथं कुणी थांबवत नाही, उलट चौघंही तिच्या मागं धावतात. ‘बोल वीव्हिल’ ऐकताना मला अजून वाटतं की आता कुणीतरी पडणार. कुणी पडत नाही.

सुस्मित सेनची गिटार तुम्हाला आवडेल, मी लिहून देते. खालच्या तारा मोकळ्या घुमत राहतात आणि वर स्वर चालतात. ज्याचं उभं आयुष्य सतारमेकर गल्लीत ओट्यावर बसून तारांची जवारी, तो घुमारा, ऐकण्यात गेलं, २०२४ ला मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला म्हणून ज्यानं अख्ख्या वाड्यात पेढे वाटले, त्या माणसाला हे परकं वाटायचं काही कारण नाही. तुम्हाला तेव्हा राग आला तो अमित किलमच्या ड्रम्सचा, आणि दादाच्या दहावीच्या मार्कांचा. आता दोन्ही जुनं झालं.

गाणं यात कमी आहे, वाजवणंच जास्त. म्हणून पुष्कळांना त्यांचा २००० सालचा अल्बम ‘कंदीसा’ जवळचा वाटतो. तो आहेच चांगला. पण ‘कंदीसा’ घासूनपुसून ठेवलेला आहे, आणि मला हा ‘डेझर्ट रेन’ आवडतो. आवाज कुठं कुठं पुसट आहे, टाळ्या मध्येच येतात, एखादा तुकडा गरजेपेक्षा लांबतो. लांबू दे. एक जानेवारीच्या दिल्लीत बोटं कशी होतात ते मी आता अनुभवलंय. त्या बोटांनी हे वाजवलं असेल या विचारानंच मी पुन्हा पहिल्यापासून लावते.

आई, तुझ्यासाठी यातला राहुल राम. बास गिटार वाजवतो, मोठं शिक्षण अमेरिकेत, कॉर्नेलला डॉक्टरेट, आणि परत येऊन नर्मदेच्या खोऱ्यात धरणाविरुद्धच्या आंदोलनाबरोबर. तू तळोद्याला शिकवत होतीस त्याच्या थोडं पुढचे दिवस. नर्मदेकाठच्या मणिबेलीच्या पोरांबद्दल तू जे सांगायचीस ते मला त्याच्या तोंडून नर्मदेचं गाणं ऐकताना आठवतं. ते गाणं या अल्बममध्ये नाही, ‘कंदीसा’वर आहे. दादाला सांगते, तो तुझ्या फोनवर टाकून देईल. तू ऐकशील आणि नेहमीसारखी काही न बोलता भांडी घासायला जाशील.

रविवारी कधी कधी मी करोल बागेत खजूर रोडवर जाऊन येते. तिथल्या एका जुन्या घरात यांचा सराव चालायचा, पुढं एका अल्बमलाच त्यांनी त्या घराचा पत्ता नाव म्हणून दिला. बघण्यासारखं तिथं काही नाही, वायरींचं जाळं आणि दुकानं. तरी बरं वाटतं. माडीवर बारीक आवाजात ऐकलेली गोष्ट खरोखरच्या रस्त्यावर घडली होती, आणि तो रस्ता आता माझ्या येण्याजाण्यातला आहे. बाबा, दिल्लीत हे आहे. पगाराच्या वहीत हे कुठल्या रकान्यात मांडायचं ते मला जमलं नाही.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. असीम चक्रवर्ती, जो तबला वाजवता वाजवता गायचा. एकाच वेळी दोन्ही, आणि दोन्हींत कुठं ओढाताण नाही. त्याचा आवाज लागला की मी हातातलं काम ठेवते. तो २५ डिसेंबर २००९ ला हृदय बंद पडून गेला. वय काही जाण्याचं नव्हतं. हे मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाही बाबा, खरंच नाही. पण दादा म्हणाला की मार्केटातून येताना तुम्ही हल्ली लक्ष्मी मंदिरापाशी थांबता आणि "चप्पल चावते" म्हणता. ती चप्पल मी घेतलेली आहे, ती चावत नाही.

म्हणून गुरुवारी सकाळी साडेनऊला तुमच्या हृदयाची तपासणी, टू-डी इको आणि स्ट्रेस टेस्ट, ठरवली आहे. पैसे भरलेत, परत मिळणार नाहीत. (मुद्दाम सांगते आहे.) दादा बुधवारी रात्री येतोय. जाताना सैल कपडे आणि बूट घाला, चालवतात तिथं. सगळ्या देशाचे लोक उपचाराला मिरजेला येतात आणि मिरजेतला माणूस चप्पल चावते म्हणतो, हे शोभतं का? रिपोर्ट चांगलेच येतील. आले की डॉक्टरांना रोजच्या फिरण्याचं विचारा, मीठ किती चालतं तेही विचारा. लोणच्याचं आई विचारेल, तुम्ही विसराल.

दुसरं, माडीवरची खोली. फरशी तुम्ही माझ्यासाठी बसवलीत, खिडकीखालचा कट्टासुद्धा मी लहानपणी मागितला होता तसा. मला माहीत आहे. तिथं बसल्याशिवाय माझी एकही सुट्टी जायची नाही. पण वर्षाचे अकरा महिने ती बंद ठेवू नका. मेडिकल कॉलेजच्या मुलांना जागा लागते. एखादी शिकणारी मुलगी ठेवा. भाड्यासाठी म्हणत नाही, भाडं तुम्ही मनाला येईल ते घ्या किंवा घेऊ नका. रात्री घरात तिसरं माणूस असेल, आणि तेही बीपी बघता येणारं. आईला बोलायला कुणी मिळेल. माझी पुस्तकं कपाटात राहू देत, कपाटाला कुलूप लावा. कॅसेटचा डबा मात्र खाली आणून ठेवा, माडीवर ओल येते. मी आले की ती मुलगी चार दिवस खाली झोपेल, तिला आधीच सांगून ठेवा. म्हणजे खोली माझीच आहे, फक्त हवा खेळती राहील.

आता इकडं येऊ नका. हवा इतकी वाईट आहे की सकाळी समोरची इमारत दिसत नाही, आणि बाबांना हे अजिबात चालायचं नाही. फेब्रुवारी संपता संपता या. गोवा एक्सप्रेस मिरजेहून थेट निजामुद्दीनला येते, दोन्ही लोअर बर्थ मी काढते, तुम्ही स्टेशनवर रांगेत उभे राहू नका. वाटेतल्या जेवणाला दशम्या पुरतील, वडे तळत बसू नकोस आई. महिनाभर राहायच्या तयारीनं या. मंडी हाउसजवळ चहा पिऊ, मग बाबांना हेडफोन लावून देईन. आवडलं नाही तर तसं सांगा, भुताटकी म्हणा. पण पूर्ण ऐकून झाल्यावर.

गुरुवारी दवाखान्यातून बाहेर पडल्याबरोबर फोन करा, घरी पोचल्यावर नाही. बाबांनी करायचा, आईनं नाही. आणि "बरं" सोडून काहीतरी बोलायचं. गॅसची नळी दोन वर्षं होऊन गेली, दादा आला की बदलून घ्या, त्याला पाना कुठं आहे ते माहीत नाही, जिन्याखालच्या डब्यात आहे.

तुमची,
मनू