जर्मन रॉक ‘स्कॉर्पियन्स’पुरते नाही

रविवार पुरवणीतील जर्मन रॉकवरचा, ‘स्कॉर्पियन्स’ या जर्मन बँडवरच भर देणारा लेख वाचला. मोठ्या रेकॉर्ड कंपनीच्या पाठबळाशिवाय बँड टिकत नाही, हे त्यातील विधान पटले नाही. पश्चिम बर्लिनमध्ये १९७० साली सुरू झालेल्या ‘टोन श्टाइने शेर्बेन’ या बँडने १९७१ मध्ये पहिला अल्बम स्वतःच्याच कंपनीतून काढला, तोही जर्मन भाषेत. १९७२च्या दुहेरी अल्बमचे वेष्टन म्हणजे खोक्याला वापरतात तसा साधा तपकिरी पुठ्ठा! राजकीय चळवळींच्या कार्यक्रमांत फुकट वाजवणे त्यांच्या अंगलट आले, कर्ज वाढले आणि १९८५ मध्ये बँड फुटला, हे खरेच. तरी पंधरा वर्षे तो टिकला. त्यांच्या शेवटच्या काळातील व्यवस्थापक क्लाउडिया रोट पुढे जर्मनीच्या सांस्कृतिक राज्यमंत्री झाल्या. लेखात या बँडचाही उल्लेख हवा होता.

– एक वाचक, डोंबिवली