शेक-शेगडीच्या मावशींना, एका पाव्हण्याचं पत्र

तीर्थस्वरूप मावशींना,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमचा नातू तुम्हाला वाचून दाखवेल. एकही ओळ गाळायची नाही, असं त्याला बजावलंय, तुम्ही "पुरं कर की आता" म्हणालात तरीही. समोर येऊन आभार मानायला लागलो की तुम्ही उठून चहाचं आधण ठेवता आणि विषय तिथेच संपतो. म्हणून सगळ्यांदेखत लिहितोय.

ज्यांना आपण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रिवाजाप्रमाणे बायकोचं पहिलं बाळंतपण माहेरी, कराडला झालं. मी चाकणला कंपनीत. सुट्टीच्या आदल्या दिवशी शिफ्ट सुटली की स्वारगेटला यायचं, कोल्हापूरकडे जाणारी मिळेल ती गाडी धरायची, खंबाटकीत ट्रकांच्या मागे रांगायचं आणि रात्री पोचायचं. सलग रजा मिळाली नाही. साहेब म्हणाले, "बाळंत बायको झालीय ना? मग तुला कशाला रजा?" आणि ते हसले. आजूबाजूचे दोघेही हसले. केंद्र सरकारच्या नोकरांना १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. आईची रजा कायद्याने २०१७ साली २६ आठवडे झाली, ते योग्यच झालं. पण खासगी कंपनीतल्या बापाने काय करायचं, याचं उत्तर कुठल्याच कायद्यात नाही. ते साहेबांच्या मर्जीत आहे, आणि साहेब हसतात.

सासुरवाडीत मला काही कमी नव्हतं. जावई आला की खुर्ची यायची, पंखा खुर्चीकडे वळायचा, पोह्यांवर खोबरं जास्त पडायचं. बाळ मात्र दुसऱ्याच कुणाच्या तरी मांडीवर असायचं. मी हात पुढे केले की "राहू द्या पाव्हणं, कपडे खराब होतील." कधी चुकून मिळालीच, तर तिने तोंड वाकडं करायच्या आत कुणीतरी उचलून नेलेली असायची. "द्या इकडं, तुमाला न्हाय जमायचं." मानपानात गुंडाळून एखाद्याला इतकं लांब ठेवता येतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. अपमान केला असता तर निदान भांडता आलं असतं.

आणि पोरगी रडायची. दिवसभर बरी असायची, तिन्हीसांजा झाल्या की सूर लावायची. पाय पोटाशी ओढून, मुठी आवळून, लालबुंद होऊन. घरात सल्ल्यांची काही कमतरता नव्हती. आत्याबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. मामेसासऱ्यांनी बेंबीभोवती हिंग लावायला लावलं. कुणी सहाणेवर घुटी उगाळायला बसलं. एका काकांनी तर बापाचा आवाज चिरका आहे म्हणून पोर दचकतं, असंही निदान केलं. डॉक्टरांकडे गेलो. ते "पहिलंच का?" म्हणाले, थेंब लिहून दिले, काय करायचं ते सगळं सासूबाईंना सांगितलं. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. बिल तेवढं माझ्या हातात आलं.

मला मात्र वेगळंच वाटायला लागलं होतं. ही मला बघून रडते. आठ दिवसांनी उगवणारा हा माणूस हिला नकोय. हे बायकोलाही सांगितलं नव्हतं, कारण तिचे स्वतःचेच टाके दुखत होते.

तुम्ही रोज सकाळी बाळ-बाळंतिणीच्या मालिश-शेकासाठी यायचात. त्या दिवशी बायकोची कंबर धरली म्हणून संध्याकाळीही आलात. पोरगी ऐन रडण्यात होती, सासूबाई तिला हलवत होत्या आणि मी उंबऱ्यापाशी, काय करावं ते न कळून. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत.

"पाव्हणं, तितं का हुबं? आत या. घड्याळ काढा, वरबाडंल पोरीला. नखं बघू. हात चोळा, गार हाईत."

मग म्हणालात, "शर्ट काढा. बनियन बी."

सासूबाईंसमोर! माझा चेहरा काय झाला असेल तो असेल. तुम्ही पोर त्यांच्याकडून घेतलंत आणि "वैनी, तुमी जरा चा टाका" म्हणून त्यांना बाहेर काढलंत. त्यांच्याच घरातून. दार लोटलंत. मला भिंतीला टेकून बसवलंत, पोरीला नुसत्या लंगोटावर माझ्या उघड्या छातीशी पालथं ठेवलंत, वरून दुपटं पांघरलंत. माझा हात तिच्या पाठीवर ठेवलात, त्यावर तुमचा हात दाबलात, आणि मग तुमचा काढून घेतलात.

ती रडतच होती. मला वाटलं, आता तुम्हीही घ्याल काढून.

तुम्ही माझ्याकडे पाठ केलीत. कोपऱ्यातल्या टोपलीतली दुपटी पुढ्यात ओढलीत आणि घड्या घालत बसलात. ती दुपटी सकाळीच कुणीतरी घड्या घालून ठेवलेली होती, मला दिसत होतं. तुम्ही एकेक उलगडत होतात आणि पुन्हा घालत होतात.

या पत्राचं कारण एवढंच आहे, मावशी. मालिश नाही, शेकही नाही. तुमची ती पाठ.

तोवर ती माझ्याजवळ रडली की चार डोळे माझ्यावर असायचे. तिचं रडणं म्हणजे माझा निकाल, आणि तो दर वेळी नापास. तुम्ही खोलीतच होतात, काही चुकलं असतं तर हाताच्या अंतरावर होतात, पण बघत नव्हतात. मग मी पुटपुटायला लागलो. काय बोललो ते सांगण्यासारखं नाही. शिफ्टमधल्या मशीनबद्दल काहीतरी, खंबाटकीच्या ट्राफिकबद्दल काहीतरी. बाहेरून आत्याबाईंनी दोनदा विचारलं, "घेऊ का?" तुम्ही मागे वळलाच नाहीत, नुसतं ओरडलात, "बापाजवळ हाय ती!" तिचं रडणं एकदम नाही थांबलं. हुंदक्यावर आलं, परत चढलं, परत उतरलं. चहा कधीच गार झाला होता. मग तिच्या पाठीखालचा श्वास माझ्या श्वासाबरोबर चालायला लागला. तुम्ही तेव्हाही वळला नाहीत. उठताना फक्त म्हणालात, "पोरगी तुमची हाय. कुनाकडनं उसनी न्हाय आनल्याली."

पुढे तुम्ही मला बरंच शिकवलंत. तिला हातावर पालथी कशी तोलायची, गुडघे पोटाशी कसे न्यायचे, नाकाकानात तेल का घालायचं नाही. त्याचा पाढा इथे वाचत नाही. तुमची विद्या तुमच्याकडेच शिकावी.

नंतर मी थोडं वाचलं. तान्ह्या मुलांचं हे संध्याकाळचं रडणं जगभर आहे. १९५४ साली वेसल नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी त्याचं मोजमापही ठरवून दिलं होतं: दिवसाला तीन तासांहून जास्त, आठवड्यातून तीन दिवसांहून जास्त, तीन आठवड्यांहून जास्त. दोन-तीन आठवड्यांचं बाळ झालं की ते सुरू होतं, सहाव्या आठवड्याच्या सुमारास कळसाला जातं आणि तीन-चार महिन्यांत बहुतेकांचं आपोआप ओसरतं. म्हणजे आपल्याकडे सव्वा महिना होत येतो, सगळे नातेवाईक बाळ बघायला लोटतात आणि बापाला अजून कुणी बाळ हातात दिलेलं नसतं, नेमकं तेव्हाच पोर सगळ्यात जास्त रडतं. छान योग आहे.

आणि ते छातीशी धरणं. दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात बोगोटा म्हणून शहर आहे. तिथल्या इस्पितळात १९७८ साली बाळांना उबेत ठेवायच्या पेट्या पुरेनात, तेव्हा डॉक्टर एडगर रे यांनी कमी वजनाची बाळं आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. त्याला कांगारू पद्धत म्हणतात. आता जागतिक आरोग्य संघटनाही कमी दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांसाठी तेच सांगते, आणि आईला जमत नसेल तेव्हा बापाची छातीही चालते. आमची लेक पुऱ्या दिवसांची, चांगल्या वजनाची, तिला त्याची तशी गरज नव्हती. गरज मला होती. बोगोटाच्या डॉक्टरांना हे सुचलं असेल की नाही कोण जाणे, तुम्हाला सुचलं.

तुमच्या हाताला गुण आहे असं कराडात म्हणतात. असेलही. पण रडणं तुमच्यामुळे थांबलं, असं मी लिहिणार नाही. तुम्हालाच ते खोटं वाटेल. ते त्याच्या वेळेला थांबलं. (मामेसासऱ्यांना अजूनही वाटतं, हिंगाने थांबलं.) पण थांबेपर्यंतच्या त्या सगळ्या संध्याकाळी, जेव्हा जेव्हा मी कराडला होतो, ती माझ्याजवळ रडली. हे मला दुसऱ्या कुणी मिळवून दिलं नसतं.

मालिशीचे पैसे तुम्ही ठरले तेवढेच घेतलेत. त्यात बापाला शिकवणं कुठेच धरलेलं नव्हतं. असली माणसं मला तेव्हापासून दिसायला लागलीत. माझ्या लाइनवरचा एक जण माझी रात्रपाळी स्वतःकडे घ्यायचा आणि मलाच सांगायचा, "मला रात्रीच बरं पडतं." त्याला रात्री मुळीच बरं पडत नव्हतं. चांगुलपणाचे फोटो काढणारे पुष्कळ आहेत, त्यांच्याबद्दल इथे लिहीत नाही.

आता लेक चालायला लागलीय, सोफ्याला धरून. रात्री उठली की तिला मीच लागतो, यावर बायकोची तक्रार आहे आणि ती खोटी आहे, कारण त्या वेळी ती खुशाल झोपलेली असते.

पुढच्या महिन्यात जावळ आहे, कराडलाच. तुम्ही यायचं. घरून गाडी येईल, गुडघे दुखतात वगैरे कारण चालणार नाही. साडीही घेतलीय, रंग बायकोने निवडलाय, तेव्हा नको म्हणायचं असेल तर तिला म्हणा.

आणि एक काम आहे. ज्याने माझी रात्रपाळी घेतली, त्याला परवा मुलगा झाला. सासुरवाडी उंब्रजला आहे. अजून त्याच्या हातात कुणी पोर दिलेलं नाही, म्हणतो "त्यांनाच जमतंय, राहू दे." तुम्हाला एखाद्या संध्याकाळी उंब्रजपर्यंत जमेल का? जायच्या-यायच्या गाडीचं मी बघतो. त्याला अजून काही सांगितलेलं नाही. फक्त नखं कापून ठेव म्हणालोय.

तुमचा,
पोरीचा बाप