उन्हाळी संशोधनाचे पैसे मार्चआधी द्या: उच्च शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांसाठी मटेरियल फिजिक्समधील (पदार्थांच्या भौतिकशास्त्रातील) उन्हाळी संशोधन योजना

महोदय,
स.न.वि.वि.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीला ४ क्रेडिटचे ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचे प्रशिक्षण, आले. क्रेडिटला ३० तास, म्हणजे १२० तास. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने ते कुठे करायचे, याला बहुतेक महाविद्यालयांकडे उत्तर नाही. मग कुठल्या तरी आस्थापनेचे प्रमाणपत्र जोडून विषय मिटवला जातो. तीन राष्ट्रीय विज्ञान अकादमींची संयुक्त उन्हाळी फेलोशिप किंवा टीआयएफआरचा (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा) उन्हाळी कार्यक्रम चांगलेच आहेत, पण तिथे अख्ख्या देशातून अर्ज येतात. परभणी किंवा कणकवलीच्या मुलीची तिथे वर्णी लागणे अवघड. दुसरीकडे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात थिन फिल्मवर (पदार्थांच्या अतिपातळ थरांवर) कित्येक वर्षे काम चालले आहे, पुण्यात सी-मेट आणि एनसीएल या राष्ट्रीय संशोधन संस्था आहेत. म्हणजे राज्यात सोय आहे. अडते ते वेळापत्रक आणि किरकोळ पैशांपाशी. म्हणून अशा केंद्रांवर आठ आठवड्यांची उन्हाळी संशोधन योजना शासनाने सुरू करावी; ओजेटीचे १२० तास त्याला पुरत नाहीत.

१२० तास का पुरत नाहीत, ते एका साध्या प्रकल्पावरून पाहा. यिट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइड हा अतिवाहक, म्हणजे पुरेसा थंड केल्यावर विजेला अजिबात रोध न करणारा पदार्थ. तो ९२ केल्विनच्या (सुमारे उणे १८१ अंश सेल्सियस) आसपास रोध गमावतो, त्यामुळे ७७ केल्विनच्या द्रव नायट्रोजनवर भागते. १० ग्रॅम नमुन्याला १.६९ ग्रॅम यिट्रियम ऑक्साइड, ५.९२ ग्रॅम बेरियम कार्बोनेट आणि ३.५८ ग्रॅम कॉपर ऑक्साइड लागते. बेरियम कार्बोनेट विषारी, म्हणून हातमोजे आणि मास्क हवेतच. अगेटच्या खलात तासभर घोटायचे, ९०० ते ९३० अंश सेल्सियसला बारा तास भाजायचे, पुन्हा घोटून पुन्हा भाजायचे. मग गोळी दाबून ९५० अंशांना सिंटर करायची (न वितळवता भाजून घट्ट करायची) आणि ऑक्सिजनच्या प्रवाहात सावकाश थंड करायची. मिनिटाला ३ अंशांनी तापवले तर भट्टी वर चढायलाच पाच तास घेते. म्हणजे एकेक भाजणी दिवसभराची, आणि मध्येच वीज गेली की ती वाया. साधा यूपीएस भट्टी ओढत नाही.

नेमके चुकते ते शेवटच्या पायरीला. घाईने थंड केले, किंवा सिलिंडर वेळेवर आला नाही म्हणून हवेतच भट्टी बंद केली, तर स्फटिकात पुरेसा ऑक्सिजन शिरत नाही. काळी, सुबक गोळी हाती येते, पण ती अतिवाहक नसते. गोळीचा रोध मोजताना दोनच तारा लावल्या तर तारांचा आणि जोडांचा रोध मिसळतो आणि आकडा शून्यावर येतच नाही. चार जोड सिल्व्हर पेस्टने करावे लागतात आणि औष्णिक विद्युतदाब (तापमानातील फरकामुळे तयार होणारा) वजा करण्यासाठी प्रवाह उलटा करूनही वाचन घ्यावे लागते. तापमापक गोळीपासून लांब असला तर संक्रमणाचे तापमान चुकीचे दिसते. जूनमध्ये हवा दमट झाली की उघडा ठेवलेला नमुना खराब होऊ लागतो. पहिली गोळी बहुधा फसतेच, आणि ती का फसली हे एक्स-रे डिफ्रॅक्शनवर (क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना तपासून) शोधण्यातच खरे शिक्षण आहे. त्यासाठी दुसऱ्या गोळीला वेळ हवा. आठ आठवडे लागतात ते यासाठी.

हे आठ आठवडे आज बसत नाहीत. परीक्षा मे महिन्यात रेंगाळतात आणि जूनच्या मध्याला पुढचे सत्र सुरू होते. निवडलेल्या विद्यार्थ्यांना जुलैच्या मध्यापर्यंत हजेरीतून सूट द्यावी आणि चौथ्या सत्रानंतर केलेले हे काम ओजेटीत धरावे.

पैशांचे गणित आर्थिक वर्षामुळे बिघडते. नव्या तरतुदीचे वितरण होईपर्यंत उन्हाळा सरतो आणि जुनी रक्कम ३१ मार्चला परत जाते. म्हणून निधी फेब्रुवारीत विद्यापीठाच्या खात्यात यावा आणि तो ऑगस्टपर्यंत खर्च करण्याची मुभा शासन निर्णयातच असावी. एका केंद्रावर १० विद्यार्थी धरा. महिना १०,००० रुपये विद्यावेतन दोन महिने, म्हणजे २ लाख. रसायने, क्रुसिबल, ऑक्सिजन, द्रव नायट्रोजन यांना माणशी १०,००० म्हणजे १ लाख. वसतिगृह फुकट असावे. विद्यावेतन दर महिन्याला थेट खात्यात जावे. उपयोगिता प्रमाणपत्रानंतर परतफेड, हा प्रकार शेतमजुराच्या घरातल्या मुलाला परवडत नाही. मे महिन्यात प्रयोगशाळेचा तंत्रज्ञ रजेवर जातो, हेही कोणी लक्षात घेत नाही. त्याच्या मानधनाचा स्वतंत्र शीर्ष ठेवला नाही तर एक्स-रे डिफ्रॅक्शनचे यंत्र असून नसल्यासारखे.

अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या अशाच योजनेत विद्यार्थ्यांचा मोठा वाटा यजमान संस्थेबाहेरचा, त्यातही संशोधनाची सोय नसलेल्या महाविद्यालयांतला असावा अशी अपेक्षा असते. आपण निम्म्या जागांचा नियमच करावा, नाहीतर सगळ्या जागा विद्यापीठाच्या आवारातच संपतील. गुणांची अट ६० टक्क्यांवर ठेवू नये. घोटण्याची चिकाटी गुणपत्रिकेत दिसत नाही.

शासन निर्णय डिसेंबरअखेर निघाला तर जानेवारीत अर्ज, फेब्रुवारीत निवड आणि मार्चमध्ये रसायनांची खरेदी होऊ शकते. जानेवारी उलटला तर येत्या उन्हाळ्यासाठी घाई न करता त्याच्या पुढच्या वर्षाची तयारी करावी.

आपले,
भौतिकशास्त्राचे काही अध्यापक