बिडाच्या चौकटीत भरलेली लांबी (पुटी) : इंग्लिश व्हील यंत्राबाबत तक्रार

दि. १४ जून २०२५
मिशिगन, अमेरिका

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक यांस,
कोल्हापूर

विषय : आपल्या कंपनीच्या, पत्र्याला गोलाई देणाऱ्या इंग्लिश व्हील यंत्रातील दोष व चौकटीच्या कास्टिंगमध्ये लपवलेली पोकळी

महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या विक्री विभागाशी आतापर्यंत नऊ ई-मेल झाले, सगळे इंग्रजीत. प्रत्येक उत्तराच्या सुरुवातीला माझी तक्रार किती महत्त्वाची आहे ते लिहिलेले असते आणि पुढे काहीच नसते. म्हणून हे पत्र मराठीत, थेट आपल्याला. मी मूळचा कोल्हापूरचा. उद्यमनगरात वडिलांचे लेथचे छोटे वर्कशॉप होते. बीड (ओतीव लोखंड) कसे असते आणि ब्लो होल, म्हणजे ओतकामात वायूने पडलेली पोकळी, कशाला म्हणतात, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत आहे.

यंत्र कशासाठी घेतले ते आधी सांगतो, कारण आपल्या लोकांना ते शेवटपर्यंत कळलेले दिसत नाही. डेट्रॉइटजवळच्या माझ्या घरी गॅरेजमध्ये १९७१ ची एएमसी (अमेरिकन मोटर्स) कंपनीची जॅव्हलिन मोटार उभी आहे, ३६० घन इंचाच्या व्ही-८ इंजिनाची. (दसऱ्याला महाराजांची मेबॅक बघायला वडिलांच्या खांद्यावर बसून जायचो, तेव्हापासूनचे हे जुन्या गाड्यांचे वेड. घरातल्यांनी आता नाद सोडला आहे, माझा नव्हे, समजावण्याचा.) मस्टँग किंवा कॅमॅरो असती तर प्रश्न नव्हता. त्या गाड्यांचा जवळजवळ प्रत्येक पत्रा आज नव्याने बनवून विकणारे इथे आहेत. जॅव्हलिनचे तसे नाही. ती १९७४ मध्ये बंद झाली आणि १९८७ मध्ये एएमसी कंपनीच क्रायस्लरने विकत घेतली, तीही मुख्यतः जीपसाठी. जीप १९७० मध्ये एएमसीकडे आली होती, म्हणजे आपल्या महिंद्रा जीपची ही गाडी लांबची चुलत बहीणच. पण भाग मिळण्याच्या बाबतीत अनाथ.

१९७१ च्या जॅव्हलिनच्या पुढच्या दोन्ही मडगार्डांवर, चाकाच्या बरोबर वर, एक फुगीर उंचवटा आहे. गाडीचे सगळे रूप त्या उंचवट्यात. इथे हिवाळ्यात बर्फ वितळायला रस्त्यांवर मीठ टाकतात, त्या मिठाने माझे डावे मडगार्ड खालून वरपर्यंत खाल्ले. फायबरचे मला नको होते. तेव्हा ते घरीच घडवायचे ठरवले. उजव्या मडगार्डावरून कागदी नमुने काढले, ते उलटे करून प्लायवूडचा साचा केला, ०.९ मिमीचा पत्रा कापला आणि वाळूच्या पिशवीवर मोगरीने ठोकून त्याला पोट आणले. या टप्प्यावर पत्रा अक्रोडाच्या कवचासारखा दिसतो. तो दोन चाकांमध्ये धरून हलक्या दाबाने शेकडो वेळा पुढे-मागे फिरवला की खळगे जातात, पत्रा कणाकणाने ताणला जातो आणि गोलाई येते. हे काम इंग्लिश व्हीलचे. म्हणून ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्या कंपनीकडे मागणी नोंदवली. १ लाख ४२ हजार रुपये भावाने कोल्हापुरात भरले, पावतीही त्याच्याच नावे आहे. जहाजाचे भाडे आणि बंदरातला खर्च वेगळा.

३ मार्चला यंत्र पोचले. पॅकिंग उत्तम होते, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

पहिल्याच आठवड्यात पत्र्यावर आडव्या खुणा उमटू लागल्या. मी चाके पुसली, दाब कमी केला, पत्रा बदलला. खुणा तशाच. आपल्या विभागाचे उत्तर आले की माझा पत्रा हलका असावा. मग मी दोन खुणांमधले अंतर मोजले. ते प्रत्येक वेळी सुमारे २३५ मिमी भरले. आपल्या खालच्या चाकाचा व्यास ७५ मिमी आहे, म्हणजे परीघ २३५ आणि वर काही दशांश. दोष पत्र्यात असता तर तो चाकाचा परीघ मोजून मोजून कशाला आला असता? डायल (बारीक फरक मोजणारे घड्याळ) लावून पाहिले. माहितीपत्रकात ०.०५ मिमीच्या आत रनआऊट, म्हणजे फिरताना चाकाचे डगमगणे, लिहिले आहे. यंत्रासोबत आलेल्या, बदलून लावायच्या खालच्या सहा चाकांपैकी चारांत ते ०.३ च्या वर निघाले.

कडकपणाचेही तेच. माहितीपत्रकात ५८ रॉकवेल आहे. मी कानस लावून पाहिली तर तीन चाकांवर ती लोण्यासारखी चालली. खात्रीसाठी इथल्या एका हीट ट्रीटमेंटवाल्याकडे तपासणी करून घेतली, त्या तिघांचे आकडे ३० ते ३४ च्या दरम्यान आहेत. एवढ्या मऊ चाकाखाली वेल्डिंगचा एखादा बारीक दाणा आला तरी चाकालाच खळगा पडतो आणि पुढे तो खळगा प्रत्येक फेऱ्याला पत्र्यावर छापला जातो. यावर आपल्या विभागाने लिहिले की यंत्र 'हौशी वापरासाठी' असल्याने एवढा फरक चालतो. माहितीपत्रकात हौशी आणि धंदेवाईक असे दोन वेगळे आकडे मला तरी सापडले नाहीत.

इथपर्यंत मी चाके बदलून मिळाली असती तर गप्प बसलो असतो. खरी गोष्ट पुढे आहे.

दाब वाढवला की चौकटीचा वरचा हात उचलला जातोय असे मला वाटत होते. एवढ्या जाड बिडाने असे वागू नये. जुनी गाडी विकत घेताना आम्ही लोक एक चुंबक खिशात ठेवतो. रंगाखाली पत्र्याऐवजी लांबी भरलेली असेल तर तिथे चुंबक धरत नाही. एका संध्याकाळी सहज म्हणून तेच चुंबक आपल्या चौकटीवर फिरवले. वरच्या हाताच्या वळणावर, म्हणजे जिथे सगळा ताण येतो नेमके तिथे, ते सटकून खाली पडले. निळा रंग खरवडला. आत लांबी! मोटारीच्या डेंटिंगला वापरतात तीच. ती कोरून काढल्यावर सुपारी मावेल एवढी पोकळी निघाली, जवळजवळ ४ सेंमी खोल, आणि तिच्या कडेला केसासारखी भेग.

बीड वाकत नाही, तुटते. तुटताना सूचनाही देत नाही. त्या हाताखाली माझी बोटे असतात आणि शनिवारी मदतीला येणाऱ्या माझ्या मुलीचीही.

कास्टिंग फसू शकते. वाळूत ओल राहिली, वायू निघायला वाट नसली की ब्लो होल पडते, यात नवल काही नाही. पण वडिलांच्या वर्कशॉपशेजारच्या फाउंड्रीत असे कास्टिंग फोडून पुन्हा भट्टीत टाकत. आपल्याकडे कुणीतरी ती पोकळी पाहिली, तिच्यात लांबी भरली, पॉलिश पेपर मारला, वर रंग दिला आणि तपासणीच्या चिठ्ठीवर सही केली. ही नजरचूक म्हणता येणार नाही, यात चार जणांचे हात आहेत. गेल्या दोन वर्षांत मी जॅव्हलिनच्या अंगावरची आधीच्या मालकांनी भरलेली लांबी किलोकिलोने उतरवली आहे. तीच वस्तू कोल्हापूरहून विकत घेतली, वर जहाजाचे भाडे दिले!

आपल्या 'हौशी वापर' या शब्दांबद्दल मात्र आभार. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार व्यापारी हेतूने वस्तू घेणारा ग्राहकाच्या व्याख्येत बसत नाही. यंत्र हौशी वापराचे आहे हे आपण स्वतः लेखी दिल्याने ती शंका मिटली. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे आणि भाऊ कोल्हापुरातच राहतो, जिल्हा आयोग त्याला लांब नाही.

ती वेळ येऊ नये असे मला मनापासून वाटते. वरच्या हातासकट नवी चौकट आणि सहाही चाके आपण स्वखर्चाने पाठवावीत, सोबत प्रत्येक चाकाचा कडकपणा आणि रनआऊट यांचे प्रत्यक्ष मोजलेले आकडे असावेत. चौकट रंग न देता पाठवा, रंग मी देईन. ते जमणार नसेल तर भाड्यासकट सगळी रक्कम भावाच्या खात्यात परत करावी. उत्तर ३० जूनपर्यंत आणि जबाबदार व्यक्तीच्या सहीने हवे. याच चौकटी आणखी कुणाकडे गेल्या असतील तर त्यांना आजच कळवा, माझ्या उत्तरासाठी थांबू नका.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी इथे वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची मोठी फेरी निघते, १९९५ पासून. यंदा त्यात जॅव्हलिन न्यायची होती. आता तिला डाव्या बाजूने मडगार्डच नाही, तेव्हा ती घरीच राहील. त्याची भरपाई मी मागत नाही.

आपला,
एक ग्राहक
(नाव, पत्ता व मागणी क्रमांक पावतीच्या प्रतीवर आहेत.)

सोबत : पावतीची प्रत, डायलच्या नोंदी, कडकपणा तपासणीचा अहवाल, चौकटीचे सात फोटो आणि प्लास्टिकच्या पिशवीत, खरवडून काढलेली आपली लांबी.