फायरप्लेसच्या आतल्या विटा बदलताना

चि. सोनू, अनेक आशीर्वाद.

फोटो मोठे करून पाहिले. मागच्या भिंतीत, खालून तिसऱ्या थरात दोन विटांचे पापुद्रे सुटलेत आणि त्यांच्या दरजांमधला माल भुगा होऊन खाली सांडलाय. त्यावर पातळ काळ्या विटा चिकटवल्या की झालं, असं तू लिहिलंयस. तसं अजिबात करू नकोस. मागची वीट हलत असेल तर वरची टिकणार नाही. शिवाय तिकडच्या, म्हणजे अमेरिकेतल्या, नियमाप्रमाणे आतल्या जागेची खोली किमान 20 इंच राहायला हवी, ती त्या थराने कमी होईल. जुनी वीटच काढून नवी बसव.

त्याआधी धुराडं साफ करून घे आणि तपासून घे. घराची मालकी बदलली की धुराड्याची लेव्हल 2 तपासणी (आतून कॅमेऱ्याने बघायची) करावी, असं एनएफपीए 211 हे तिथलं आग-सुरक्षेचं मानक सांगतं. वरची टोपी फुटलेली असेल आणि पाणी आत उतरत असेल, तर नवं कामही असंच झडेल. तुझी फायरप्लेस विटांची आहे म्हणून हे सगळं लिहितोय. पत्र्याच्या तयार पेटीत विटा चिणायच्या नसतात, तिला त्याच मॉडेलचे पॅनेल लागतात.

प्रत्येक वीट हातोडीच्या दांड्याने वाजवून बघ. खणखणीत वाजली तर राहू दे, बद्द वाजली किंवा हलली तर काढ. केसासारखी बारीक चीर चालते. फक्त दरजा गेल्या असतील तिथे अर्धा ते पाऊण इंच खोल खरवडून नवा माल भर.

मागची भिंत वर पुढे झुकते, आणि त्या झुकत्या विटांचा भार खालच्या थरांवर असतो. एखाददुसरी वीट बदलताना शेजारच्या जागेवर राहू देत. सलग थर काढायचे असतील तर वरून खाली ये. डँपरची (धुराड्याच्या तोंडाशी असलेल्या झडपेची) चौकट या विटांवर टेकलेली दिसली तर थांब आणि गवंड्याला बोलाव, ते काम एकट्याचं नाही. कापताना, खरवडताना सिलिकाची धूळ उडते. पी100 मास्क (अगदी बारीक धूळ अडवणारा) आणि चष्मा हवाच, साधा कापडी मास्क उपयोगाचा नाही.

विटा 9 × 4½ × 2½ इंचांच्या फायरब्रिकच, म्हणजे आग सोसणाऱ्या विटाच, घे. अस्तर किमान 2 इंच जाड लागतं, त्यामुळे सव्वा इंची स्प्लिट (अर्ध्या जाडीची फायरब्रिक) एकटी पुरत नाही. पूर्ण मागची भिंत करायची ठरली, तर 36 × 30 इंचांना रुंद तोंड पुढे ठेवून 27 विटा लागतात. तुटफूट धरून 30 आण.

खरी मेख मालात आहे. साधं सिमेंट वापरू नकोस. साधारण 450 अंश सेल्सिअसच्या आसपास त्यातल्या चुन्याचं पाणी उडतं, मग तो हवेतला ओलावा घेऊन फुगतो आणि दरज फुटते. तुझ्या भिंतीत कुणीतरी आधी राखाडी सिमेंट भरलेलं दिसतंय. पावडरमध्ये मिळणारा, पाण्याने घट्ट होणारा रिफ्रॅक्टरी मॉर्टर (उष्णता सोसणारा माल) घे, पिशवीवर एएसटीएम सी-199 या मानकाचं नाव आणि मीडियम ड्युटी लिहिलेलं बघ. डब्यातला तयार, सोडियम सिलिकेटवाला माल आगीने तापेपर्यंत पाण्यात विरघळतो, ओल येणाऱ्या जागी तो नको. पिशवीत वाळू किंवा सिमेंट मिसळू नकोस.

नवी वीट आधी कोरडीच बसवून बघ. मग जुना माल पूर्ण खरवड, धूळ झाड आणि दोन्ही बाजू ओलसर कर, पाणी निथळता कामा नये. विटेच्या बाजूंना माल लाव, आत सरकव आणि थापीच्या मुठीने ठोकून शेजारच्या विटेशी एकसपाट कर. दरज पाव इंचाच्या वर नको. अष्टमांश इंच जमली तर उत्तम, कारण जाड दरज आकसून आधी तीच तडकते. विटेमागची पोकळी मात्र माल ठासून भरू नकोस, तापल्यावर अस्तराला फुगायला जागा लागते.

रंग बदलायचाच असेल तर काळ्या फायरब्रिक मिळतात, त्या याच वेळी लाव. भिंतीचा साधा रंग आत चालत नाही.

किती दिवस सुकू द्यायचं ते पिशवीवर असतं, तेवढे दिवस थांबच. नंतर पहिली आग मूठभर काटक्यांची. पूर्ण थंड होऊ दे, दरजा बघ, मग दुसरी थोडी मोठी. एकदम मोठे ओंडके लावलेस तर आतल्या पाण्याची वाफ होऊन माल उडतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालतो का, तेही त्याच दिवशी तपास.

आता आतली रुंदी, उंची, खोली मोजून पाठव, आणि डँपरच्या खालच्या कडेचा टॉर्च मारून काढलेला फोटो. मग विटांचा आकडा पक्का करून देतो.

बाबा