नॉर्मल रिपोर्टपायी चार महिने गेले

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या महिला दिनाला आमच्या गल्लीतल्या पाच-सहा जणींनी मिळून 'फुल बॉडी चेकअप'चं पॅकेज घेतलं. त्यात माझी धाकटी जाऊही होती. शुगर, थायरॉइड आणि शेवटी 'ब्रेस्ट कॅन्सर मार्कर', म्हणजे सीए 15-3. तिच्या डाव्या स्तनात, काखेच्या बाजूला, वाटाण्याएवढी गाठ हाताला लागत होती. दुखत नव्हती. रिपोर्टमध्ये आकडा आला 14, शेजारी छापलेली मर्यादा 30. तिला हायसं वाटलं, रिपोर्ट कपाटात गेला. जुलैत गाठ सुपारीएवढी झाली तेव्हा मॅमोग्राफी आणि बायोप्सी केली. कॅन्सरच निघाला, काखेतल्या गाठींपर्यंत पोचलेला.

हीच चाचणी मी स्वतः दर तीन महिन्यांनी करते. माझा स्तनाचा कॅन्सर 2021 पासून हाडांत पसरलेला आहे. सीए 15-3 हे स्तनाच्या पेशींवरच्या एका प्रथिनाचे रक्तात सुटलेले अंश मोजतं. रोग पसरलेला असला तर बऱ्याच जणींचा आकडा वाढतो आणि औषध लागू पडतंय का, याचा अंदाज येतो. सुरुवातीच्या रोगात मात्र तो बहुतेक वेळा नॉर्मलच असतो. उलट यकृताच्या आजारात किंवा बी-12 फारच कमी झालं तर कॅन्सर नसतानाही चढू शकतो. अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी या कॅन्सरतज्ज्ञांच्या संस्थेने 2007 मध्येच सांगितलंय की निदानासाठी, किंवा उपचार संपून काही त्रास नसलेल्या बायकांच्या देखरेखीसाठी ही चाचणी वापरू नये. पसरलेल्या रोगात ती वापरता येते, पण स्कॅन आणि डॉक्टरांच्या तपासणीच्या जोडीने.

या 'जोडीने'चा अर्थ मला नवीन गोळ्या सुरू झाल्यावर कळला. महिन्याभरात माझा आकडा 96 वरून 131 वर गेला. त्या रात्री घरात कुणी धड जेवलं नाही. डॉक्टर म्हणाले, "मावशी, नवीन औषधाच्या पहिल्या चार-सहा आठवड्यांत आकडा उगाच चढू शकतो. कंबरदुखी कमी आहे ना? मग थांबू या." पुढच्या खेपेला 58 आला. एकदा पावसामुळे जवळच्या दुसऱ्या लॅबमध्ये रक्त दिलं, तर वेगळ्या मशीनवर आकडाच वेगळा. शेवटी जुन्या लॅबमध्ये पुन्हा टोचून घ्यावं लागलं. तेव्हापासून वहीत तारीख आणि आकड्यापुढे लॅबचं नावही लिहिते.

एवढं सांभाळून वाचायची चाचणी धडधाकट बायकांच्या पॅकेजमध्ये घालतातच कशाला? लॅबवाल्यांनी ती काढून टाकावी. ते होईपर्यंत निदान आकड्याच्या खालीच, तेवढ्याच ठळक टायपात, मराठीत छापावं: 'या चाचणीवरून कॅन्सर आहे की नाही हे ठरत नाही. गाठ लागत असेल तर डॉक्टरांना दाखवा.' जावेच्या रिपोर्टमध्ये अशी सूचना होती, पण दुसऱ्या पानावर, इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. ती सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली आहे.

महिला दिनाच्या आठवड्यात आपल्या दैनिकातही अशा पॅकेजच्या जाहिराती येतात. येत्या मार्चमध्ये त्या घेण्याआधी यादीत 'कॅन्सर मार्कर' आहे का, एवढं बघावं, ही हात जोडून विनंती.

आपली एक वाचक,
मिरज