माधवनगर रोडच्या मामांना आणि त्या पोराला थँक्यू

पप्पांच्या गाडीला 15 वर्षं झाली म्हणून आरसी (नोंदणीचा कागद) रिन्यू करायला पासिंगला, म्हणजे तपासणीला, न्यायची होती आणि नेमकं आदल्या संध्याकाळी बॉनेटची केबल तुटली. आता बॉनेटच उघडंना तर इंजिन नंबर दाखवायचा कसा? सांगलीत माधवनगर रोडला एका गॅरेजवाल्या मामांनी आमच्यासाठी खाली ओढलेलं शटर परत वर केलं, पोरगं दोन्ही तळहातांनी बॉनेट दाबून उभं राहिलं आणि मामांनी मोबाईलच्या उजेडात ग्रिलमधनं वाकवलेली तार घालून लॉकची पट्टी ओढली, खट्ट! मग नवीन केबल टाकली, लॉकला ग्रीस लावलं, आणि पोरानं न सांगता चेसिस नंबरवरचा मळ डिझेलच्या फडक्यानं पुसून एकेक आकडा मोकळा केला. पासिंग झालं. केबलच्या वर एक रुपया घेतला नाही ओ, लय आभारी आहे.